काढून टाकलेला थर्मोस्टॅट

मित्रांनो, मी एका पांढऱ्या मोटारीतला जुना थर्मोस्टॅट आहे. आकाराने मोठ्या पेढ्याएवढा, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझी कहाणी मी रागातच सांगणार आहे, कारण राग आलेला असताना गोड बोलायचं सोंग मला जमत नाही.

कारखान्यात माझ्या पितळी पोटात मेण भरलं, वर स्प्रिंग आणि झाकण बसवलं आणि इंजिन व रेडिएटर यांच्यामध्ये मला राखणदार नेमलं. इंजिन नीट गरम होईपर्यंत पाण्याला गार व्हायला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. पाणी पुरेसं तापलं की पोटातलं मेण फुगतं आणि माझं तोंड उघडतं. गार पाण्यात कितीही डिवचा, मी तोंड उघडत नाही.

ही गाडी मखमलाबादच्या रंगनाथांची. त्यांचा गुलाबाचा मळा आहे. मुलगा समर्थ ओझरला नोकरीला, म्हणून फुलं बाजारात पोचवायचं काम सून तेजस्विनीने अंगावर घेतलं. ती गाडी शिकली, मागची सीट पाडून क्रेट रचायला लागली आणि थोड्याच दिवसांत बाजारात तिचं नाव झालं. रंगनाथांना तेच सलत होतं. "फुलवाले आता मला सोडून तिलाच फोन करत्यात," असं ते अंबूबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, जेवताना हमखास ऐकवायचे.

गेल्या चैत्रात सगळे सप्तशृंगी गडावर निघाले आणि नांदुरीच्या घाटात गाडी तापली. दोष रेडिएटरच्या पंख्याचा होता. अंबूबाईंचा भाऊ झुंबर मेकॅनिक; त्याने पंखा बदलला आणि जाता जाता मलाही उपटून काढलं.

"दाजी, ह्या वॉलची आपल्याकडं काय गरज नाय. थंड मुलखातल्या गाड्यांना लागतो हा."

इतकी वर्षं इमानाने राबलो, त्याचं हे बक्षीस! मला वर्तमानपत्रात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबलं. सोबतीला गाडीची कागदपत्रं आणि सादळलेली बडीशेप.

उन्हाळ्यात कुणाला काही जाणवलं नाही. दिवाळीनंतर गारठा वाढला आणि इंजिन गरमच होईना. राखणदार नसल्याने पाणी सारखं रेडिएटरकडे पळत होतं. इंजिन थंड दिसलं की गाडीतला छोटा संगणक पेट्रोल वाढवून देतो. तो बिचारा देत राहिला. एवढं पेट्रोल धड जळेना. प्लग काजळले, मागून काळा धूर यायला लागला, आणि पाय दाबला की गाडी आधी गचके खायची, मग नाइलाजाने पुढे सरकायची. एके सकाळी तेजस्विनी फुलं घेऊन बाजाराला निघाली असताना रविवार कारंजाच्या सिग्नलला ती अशीच अडखळली. मागून हॉर्न सुरू झाले, आणि रंगनाथ नेमके शेजारच्या सीटवर होते.

"बाईमाणसाच्या पायानं इंजनाची वाट लागली," भर रस्त्यात त्यांनी चावी काढून घेतली. "उद्यापासून गाडीला हात लावायचा नाय."

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः चालवू लागले. गाडी त्यांच्या पायाखालीही गचके खायला लागली, तर म्हणे हिनेच लावलेली खोड आहे! झुंबरने प्लग बदलले, ते पुन्हा काळे झाले. मग त्याने पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले. गाडी होती तशीच. "चालवणाऱ्याची चूक, दाजी," असं म्हणून तो हात पुसायचा. कप्प्यात पडल्या पडल्या माझा नुसता संताप व्हायचा.

तेजस्विनी मात्र शेजारी बसून तापमानाच्या काट्याकडे बघत असायची. एकदा अंगणात झुंबर बॉनेट उघडून उभा होता, तेव्हा तिने विचारलंच.

"मामा, काटा वर का येत नाही? आधी मधोमध असायचा."

"खाली हाय म्हंजे इंजन थंड. चांगलंच की."

तिने कप्पा उघडून माझी पुडी सोडली. "आणि हे काय?"

"घाटात काढलेला वॉल. खराब हाय तो, टाकून दे."

"तेव्हापासूनच काटा खाली आहे, मामा."

ती मला घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिने मला चहाच्या आधणात सोडलं. अंबूबाई ओरडल्या, "अगं, माझ्या पातेल्यात लोखंड काय घालतेस!" भांडण होणार या आशेने रंगनाथही दारात आले. मित्रांनो, पाण्याला उकळी फुटली आणि सगळ्यांच्या देखत माझं तोंड उघडलं. तिने मला चिमट्याने उचलून गार पाण्यात टाकलं, तसं ते मिटलं. झुंबर पातेल्यात बघत राहिला.

तोंड वाकडं करत त्याने मला जागेवर बसवलं आणि प्लग पुसले. रंगनाथ एकटेच गाडी घेऊन मखमलाबाद नाक्यापर्यंत जाऊन आले. काटा मधोमध होता, गाडी एकदाही अडखळली नाही. उतरल्यावर त्यांनी चावी फुलांच्या क्रेटवर ठेवली.

तेजस्विनीने ती उचलली नाही.

"सिग्नलला चार लोकांत बोललात, दादा. आता घरात तरी बोला. गाडी मी बिघडवली होती का?"

अंबूबाई दारात आल्या, झुंबरने पाना खाली ठेवला. तोडलेले गुलाब क्रेटमध्ये सुकत होते. माझं तोंड उघडायला उकळतं पाणी पुरतं. या माणसाचं कशाने उघडेल, मला सांगता येईना.

"तू नाय बिघडवली," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"ऐकू आलं नाही."

"गाडी तू नाय बिघडवली!" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या मळ्यातली माणसं वाकून बघायला लागली. मग तिने चावी घेतली आणि क्रेट गाडीत चढवले.

मित्रांनो, मी पुन्हा कामावर आहे, पण माझा राग गेलेला नाही. एखाद्याचं काम काय आहे हे कळल्याशिवाय त्याला बिनकामाचा ठरवून उपटू नका. आणि गाडी अडखळली तर आधी काट्याकडे बघा, चालवणारीकडे नंतर.