बिनपगारी हुकूम

"फॉल इन!" जालिंदर होवाळ ओरडला, आणि घाटावरचं एक कुत्रं तेवढं उठून बाजूला झालं.

पायऱ्यांवर चार माणसं बसली होती, ती तशीच बसून राहिली. मानसिंगनं तंबाखूची चिमूट ओठाखाली नीट बसवली, हात झटकले आणि म्हणाला, "जालिंदर, सकाळच्या पारी वराडू नगंस गड्या. म्हशी बुजत्यात."

बाकीचे तिघे फिदीफिदी हसले.

"रांगेत हुबं ऱ्हावा म्हणतोय."

"आन् न्हाई ऱ्हायलो तर?" गुंडा म्हणाला. "पगार कापनार व्हय आमचा?"

जालिंदरनं पंधरा वर्षं नौदलात काढली होती. तिथं रांगेत न उभं राहणाऱ्याचं काय होतं ते त्याला पाठ होतं. लीडिंग सीमन होऊन तो बहात्तर साली सुटला तेव्हा त्याच्या बाहीवर नांगर होता, आणि तो नांगर बघून पंजाबी असो, मल्याळी असो, पोरगं ताठ उभं राहायचं. त्या नांगराला कुणी कधी विचारलं नव्हतं, तू कुठल्या आळीतला. इथं सोनडोह गावात बाहीवर नांगर नव्हता. लाल कापडाचा पट्टा होता, आणि गावाला आळी ठाऊक होती.

"बरं, बसून आयका," तो म्हणाला. "होडीत हुकूम शिट्टीचा. पुराच्या आवाजात तोंडाचं आयकू येत न्हाई. बारकी शिट्टी झाली की वल्हं मारायचं. लांब शिट्टी झाली की चारी वल्ही पान्याभाईर. कळलं?"

"उलटंच हाय की तुजं," मानसिंग म्हणाला. "होड्यांच्या शर्यतीत शेवटाला काठावरनं शिट्ट्या वाजाय लागल्या की आमी जीव खाऊन वल्हं मारतो. ढाल काय उगंच आलीया तालमीत?"

"ही शर्यत न्हवं."

"मग कशाला उटवलंस रं आमाला?"

चौघं उठले आणि उसाला पाणी पाजायला निघून गेले. जालिंदर होडीपाशी एकटा राहिला.

जिल्ह्याच्या कचेरीतून फर्मान निघालं होतं. नदीकाठच्या गावांनी पूर पथकं उभी करायची. होडी सरकारची, माणसं गावची, स्वयंसेवक म्हणून. दर रविवारी सकाळी घाटावर सराव. साहेब जीपमधून आला, नौदलातून सुटलेला गावात एकच माणूस आहे हे त्याला कळलं आणि त्यानं पथकप्रमुख म्हणून जालिंदरचं नाव लिहून टाकलं. कागदावर जातीचा रकाना नव्हता. गावाला रकान्याची गरज पडत नाही.

त्या दिवशी जालिंदर पट्टा घेऊन घरी गेला तेव्हा त्याची आई, बायडाबाई, चुलीपुढे बसली होती. तिनं पट्टा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"पगार किती देनार?"

"न्हाई देत, आयं."

"जवारी?"

"न्हाई."

"मग काय देत्यात?"

"ह्यो पट्टा. आन् शिट्टी माजी मीच आनलीया."

बायडाबाई हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. "तुज्या बाला बी काठीच दिली हुती. घुंगराची."

जालिंदरचा बा, धोंडीबा, गावाचा येसकर होता. येसकर म्हणजे गावाची राखण करणारा महार, असं पुस्तकात लिहितात. खरं म्हणजे गावानं बोलवलं की धावायचं, आणि बोलवलं नाही तरी धावायचं. पावसाळ्यात कृष्णा फुगली की धोंडीबा घाटावर भिजत उभा राहायचा. पाणी वरच्या पायरीला लागलं की घुंगरकाठी आपटत, हाळी देत गावभर पळायचा. सगळं गाव उठवून तो आपल्या झोपडीत परत यायचा, तोवर तिथली मडकी तरंगत असायची. कारण त्यांची वस्ती गावाच्या सगळ्यांत खाली. ह्या सगळ्याची मजुरी म्हणजे संध्याकाळी दारोदार मिळणारी भाकरी, तीही वरून टाकलेली. नदी ओलांडायची तर गावाची नाव गावासाठी. सगळे पार झाले की शेवटच्या खेपेला हे लोक. तेही मागच्या टोकाला, जिथं पाणी साचतं तिथं.

बाबासाहेबांच्या मागोमाग ह्या वस्तीनंही दीक्षा घेतली, त्या दिवशी धोंडीबा घाटावर गेला आणि त्यानं घुंगरकाठी डोहात भिरकावली. पुढच्या साली पोरगं नौदलात भरती झालं.

"बानं पान्यात टाकलेली काठी," बायडाबाई म्हणाली, "तू पान्यातनं काडून आनलीस व्हय रं?"

"आयं, ती सक्ती हुती. हे मी माज्या खुशीनं करतोय. सोडायचं झालं तर उद्या सोडीन. बाला सोडता येत हुतं का?"

"तुज्या खुशीनं," ती म्हणाली आणि पट्टा त्याच्याकडे टाकला. "बगू गाव कवा खुशीनं येतंय ते."

श्रावणात कोयना आणि कृष्णा दोन्ही एकदम फुगल्या. जालिंदरनं आदल्या दिवशीच आपली वस्ती शाळेत हलवली. मग तो पट्टा बांधून सगळ्या मळ्यांवर सांगत फिरला. सरपंच नानासो पाटलाची आई, चंद्राबाई, धाकट्या लेकासूनेजवळ मळ्यात राहायची. लेक पुण्याला गेलेला. तिनं जालिंदरला अंगणाच्या बाहेरूनच वाटेला लावलं. "आमच्या जोत्याला पानी कवा लागलं न्हाई. तू जा."

सकाळी पाणी जोत्यावर नव्हतं, दारावरून वाहत होतं.

नानासो पावसात शाळेपाशी आला. शाळेत महारवाड्यातली माणसं होती म्हणून तो पायरीवर चढला नाही. खालूनच त्यानं हाक मारली, "ए जालिंदर! चल बिगीबिगी. आई आन् लेकरं माळवदावर हायती."

जालिंदर बाहेर आला. "येतो. पथकातली चार मानसं पायजेत."

"घे की. मानसिंग हाय, गुंडा हाय, सारी तालीम हाय."

"आन् होडीत हुकूम माजा."

नानासोच्या मिशा थरथरल्या. "अरं, आता हुकमाची येळ हाय व्हय?"

"हीच येळ हाय, नानासो. रविवारी घाटावर रांगेत कोन हुबं ऱ्हात न्हवतं. आज हुकमात ऱ्हात आसतील तरच मी दोर सोडनार."

बायडाबाई दारात उभी राहून ऐकत होती. लेकाच्या तोंडून असं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि धोंडीबाच्या तोंडून तर ऐकणं शक्यच नव्हतं. मानसिंग चुलत्याच्या, नानासोच्या मागं उभा होता. माळवदावर त्याची आजी होती.

"तात्या, हुकूम त्येचा," तो म्हणाला. "चला आता."

चौघं वल्ह्यांवर बसले. जालिंदर मागच्या टोकाला, सुकाणूच्या वल्ह्यावर. बा बसायचा ती हीच जागा. नावेत अडाणी माणसाला वाटतं की पुढं बसतो तो मोठा. नाव कुठं जाणार ते मागचा ठरवतो, हे ह्या गावाला कधी कळलं नव्हतं, कारण मागं बसलेल्याच्या हातात त्यांनी कधी वल्हं दिलंच नव्हतं.

पोरं ताकदीची होती, त्यात वाद नव्हता. उसाच्या शेंड्यांवरून होडी सुसाट निघाली. मळा जवळ आला. माळवदावर चंद्राबाई, सून आणि दोन लेकरं एका कांबळ्याखाली गोळा होऊन बसलेली दिसली. आजी दिसताच मानसिंगचं वल्हं आणखी जोरात पडायला लागलं.

तेवढ्यात जालिंदरला पुढं पाण्याची दुमड दिसली. खाली काहीतरी होतं. मोटेची विहीर! तिचे दोन दगडी खांब पाण्याखाली हातभर बुडाले होते. त्यानं शिट्टी तोंडात धरली आणि लांब फुंकली.

चौघंही जीव खाऊन वाकले आणि त्यांनी शर्यतीतला शेवटचा हात मारला.

होडी खांबावर चढली. लाकूड कडाडलं. मानसिंगचं वल्हं खांब आणि होडीच्या मधे सापडलं, त्यात त्याचा हातही सापडला. वल्हं मोडलं. मानसिंग ओरडला नाही, नुसता "आयला" म्हणाला आणि हात काखेत धरून खाली बसला. जालिंदरच्या गुडघ्याजवळची फळी फाटली आणि पाणी आत यायला लागलं.

नौदलात असता तर त्यानं चौघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. इथं त्यानं मानसिंगचा पटका ओढून घेतला, फटीत कोंबला आणि त्यावर पाय दिला.

"गुंडा, मागं रेट. हळू. आता लांब शिट्टी म्हंजी काय?"

"वल्ही भाईर," गुंडा खालमानेनं म्हणाला.

"मोठ्यांदी."

"वल्ही भाईर!"

माळवदाला होडी लागली. लेकरं आणि सून होडीत उतरली. चंद्राबाईला हात द्यायला जालिंदर उभा राहिला. म्हातारीनं त्याच्या हाताकडे बघितलं, खाली पाण्याकडे बघितलं, मग पदराचं टोक आपल्या तळव्याला गुंडाळलं आणि पदरासकट त्याचा हात धरला. मरण समोर असतानाही माणसाला एवढं सुचतं. जालिंदरनं तिला उतरवून घेतलं.

होडी परत निघाली. पुढं बसलेल्या म्हातारीनं मान वळवली. "तू धोंडीबाचा न्हवं?"

"व्हय."

"लय लांबनं आयकू यायची त्येची हाळी. गुनाचा हुता."

गाव जवळ आलं, देवळाची दीपमाळ पाण्यात दिसायला लागली, तेव्हा जालिंदरनं लांब शिट्टी फुंकली. तिन्ही वल्ही एका दमात वर आली. होडी आपोआप काठाकडे सरकत राहिली आणि वल्ह्यांवरून निथळणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

पूर ओसरला. वस्तीतल्या भिंती फुगून खाली बसल्या होत्या. बायडाबाई चिखल मळून भिंत लिंपत होती, जालिंदर वासे उभे करत होता. तेवढ्यात नानासोचा गडी आला. त्याच्या खांद्यावर पायलीभर ज्वारीचं गाठोडं होतं, आणि हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या.

"म्हातारीनं दिलंय," गडी म्हणाला. "तुज्या बाला बी द्यायच्या म्हने, पुराचं सांगितलं की."

बायडाबाईचे हात चिखलात तसेच थांबले. ती नुसती लेकाकडे बघत राहिली.

जालिंदरनं हातपाय धुतले, धुतलेला शर्ट घातला, दंडाला पट्टा बांधला आणि गाठोडं उचलून पाटलाच्या घराकडे निघाला. मागच्या दारानं नाही. पुढच्या.

नानासो सोप्यात पान लावत होता. जालिंदरनं गाठोडं आणि भाकऱ्या पायरीवर ठेवल्या.

"हे काय रं?"

"परत आनलंय."

"अरं, म्हातारीनं मायेनं दिलंय गड्या! तिचा जीव वाचवलास तू."

"मायेनंच दिलंय, ठावं हाय मला. माज्या बाला बी मायेनंच देत हुता तुमी."

नानासोला खरंच कळलं नाही. त्याला राग आला असता तर जालिंदरला सोपं गेलं असतं. पण तो बिचाऱ्यासारखा बघत राहिला, पानाचा देठ हातात धरून. "मग तुला पायजे तरी काय?"

"रविवारी सकाळी घाटावर चार मानसं."

आतून चंद्राबाईचा आवाज आला. "माज आलाय माज! समिंदर बघून आलाय न्हवं! बा बरा हुता!"

जालिंदर पायऱ्या उतरला.

रविवारी तो उजाडताच निघाला तेव्हा बायडाबाईनं त्याच्या हातात फडकं दिलं. दोन भाकरी आणि ठेचा.

"दोन कशाला?"

"कोन आलं तर," ती म्हणाली आणि परत लिंपायला बसली.

घाटावर त्यानं शिट्टी वाजवली. थोडा वेळ थांबून पुन्हा वाजवली. कुत्रं उठून बाजूला झालं. मग वरच्या बोळातून मानसिंग आला, एकटा. हाताला फडकं गुंडाळलेलं, आणि काखेत नवं वल्हं, अजून ओल्या लाकडाचं.

"बाकीचे?"

"यायचे न्हाईत. आजीनं जवारी परत धाडल्याचं साऱ्या गावात केलंया. गुंडाला त्येच्या बानं घरात कोंडलंय." मानसिंग पायरीवर थुंकला. "तात्या बी नगं जाऊ म्हनले."

"मग तू कसा आलास?"

मानसिंगनं वल्हं पायरीला टेकवून ठेवलं आणि जालिंदर जिथं उभं राहायला सांगायचा, तिथं जाऊन उभा राहिला. एका माणसाची रांग.

दोघांनी मिळून होडी पालथी घातली. डब्यात डांबर तापवलं. मानसिंग चांगल्या हातानं फटीत काथ्या कोंबत होता, जालिंदर वरून डांबर ओतत होता. ऊन डोक्यावर आलं.

मग जालिंदरनं फडकं सोडलं. एक भाकरी आपल्याकडे घेतली, दुसरी त्याच्यापुढं केली. "घे."

मानसिंग भाकरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी खाऊन आलोय."

भल्या पहाटे पाटलाच्या घरात चूल पेटत नव्हती, हे जालिंदरला माहीत होतं. हा हुकूम करण्याजोगा विषय नव्हता. विनवण्याजोगा तर नव्हताच. त्यानं आपली भाकरी बसून सावकाश खाल्ली. दुसरी फडक्यात बांधली आणि पालथ्या होडीच्या बुडावर ठेवली.

"डांबर निवालं," मानसिंग म्हणाला.

"तापव."

मानसिंग उठला, डबा उचलून जाळाकडे गेला. भाकरी होडीवर तशीच राहिली.