चोवीस शब्दांचं पाकीट

मी एक पाकीट आहे. खिशातलं नव्हे. माझ्यात नोट मावत नाही आणि नाणं टाकायला तोंडही नाही. अंगठ्याएवढा माझा जीव, पुढे नखाएवढी काच, खाली दोन बारीक बटणं. क्रिप्टो नावाचं जे इंटरनेटवरचं चलन आहे, त्याची किल्ली माझ्या पोटात असते. पैसे माझ्यात नसतातच. ते जगभरच्या संगणकांवर नोंदलेले असतात आणि हलवायचे झाले तर किल्ली मी फिरवायची असते. किल्ली गेली तर पैसे जागच्या जागी राहतात, सगळ्यांना दिसतात आणि कुणाचेच नसतात. कुलूपवाल्याला बोलावता येत नाही, बँकेच्या मॅनेजरसमोर जाऊन रडता येत नाही.

म्हणून माझ्यासारख्यात निदान एक गोष्ट धड असावी लागते: किल्ली हरवली तर ती परत कशी मिळवायची. माझ्यात नेमकी तीच धड नव्हती. का नव्हती, हे मला चांगलं ठाऊक आहे. निर्णय झाला तेव्हा मी त्याच टेबलावर नमुना म्हणून पडलो होतो. (पुढे मलाच पुसून, डबीत घालून नवा म्हणून विकलं. कंजूषपणा तरी किती!)

किल्ली परत मिळवायची रीत साधी आहे. पहिल्यांदा सुरू केलं की मी एकामागून एक चोवीस शब्द दाखवतो. ते लिहून ठेवायचे. मी बिघडलो, बुडालो, चोरीला गेलो, तरी ते शब्द त्याच क्रमानं दुसऱ्या पाकिटात भरले की किल्ली पुन्हा तयार होते. सगळी मेख त्या क्रमात आहे.

काचेच्या भिंतींची खोली होती. मालक, जाहिरातवाला आणि मला घडवणारी डिझायनर, तिघं बसले होते.

"शब्द लिहून झाले की तिथल्या तिथे एकदा परत भरायला लावू," डिझायनर म्हणाली. "पाकीट रिकामं असतानाच. काही चुकलं असेल तर तेव्हाच कळेल."

"काचेवरचे किती पडदे वाढतात?" मालकानं विचारलं.

"तीनचार. पण..."

"पण-बिण नाही. माणूस तिसऱ्या पडद्याला कंटाळतो. डबी उघडली की पाकीट सुरू, असं पाहिजे मला."

"मग कार्डांवर आकडे तरी छापा." शब्द लिहायला डबीत चोवीस कोरी कार्डं द्यायची ठरली होती.

जाहिरातवाल्यानं एक कार्ड बोटांत फिरवलं. "अगं, कागद बघ, गोल कोपरे बघ. लोक डबी उघडतानाचे व्हिडिओ करतील. यावर एक-दोन-तीन छापलंस तर हजेरीपट वाटेल."

"आणि कुणी क्रम चुकवला तर?"

"इतकं बावळट कोण असतं?"

"माझी आई. तिला काल हे दाबून बघायला दिलं. तिचं बोट दोन्ही बटणांवर एकदम पडत होतं."

"तुझी आई आपली गिऱ्हाईक नाही," मालक म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

झालं. क्रमाची सूचना पुस्तिकेच्या मागच्या पानावर गेली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. डबीवर मात्र ठसठशीत छापलं: 'किल्ली तुमची, जबाबदारी तुमची.' ज्यांना आपली जबाबदारी झटकायची असते, त्यांना दुसऱ्याला ती बहाल करायची भारी हौस असते.

मला विकत घेतलं एका नकाशे काढणाऱ्या माणसानं. परदेशातल्या लोकांना तो घरांचे आराखडे काढून द्यायचा आणि ते त्याचे पैसे या चलनात चुकते करायचे. रस्त्याकडेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्याचं घर. खिडकीशी उतरतं टेबल, त्यावर पट्ट्या आणि पेन्सिली, शेजारी संगणक. खालच्या गाळ्यात त्याच्या बायकोचं औषधांचं दुकान.

तिला क्रमाचं वेड होतं. वेड कसलं, तो धंदाच होता. शेकडो डबे आणि खोके, आणि समोर खोकणारा माणूस उभा. हात न बघता जागेवर गेला पाहिजे. म्हणून दुकानात सगळं वर्णानुक्रमानं. तीच सवय जिना चढून घरात आली होती. फळीवर आधी चहा, मग मीठ, मग साखर. शेजारीण कधी मीठ उचलून दुसरीकडे ठेवायची, तर ही बोलता बोलता ते परत सरकवायची.

"मला या घरात 'न' खाली ठेवलंय," नकाशेवाला पाहुण्यांना सांगायचा. "न, नवरा. जरा इकडेतिकडे झालो की उचलून जागेवर लावते."

"लावते म्हणून सापडता," ती म्हणायची.

मला सुरू केलं त्या दिवशी दोघं त्या टेबलाशी बसले. मी शब्द दाखवत होतो, तो मोठ्यानं वाचत होता, ती टपोऱ्या अक्षरात एकेका कार्डावर एकेक लिहीत होती.

"घोडा. शिडी. आरसा. वादळ. चमचा..."

"हे काय हो, जत्रेतली खरेदी?"

"लिही गं, गंमत नाही ही. म्हातारपणाची सोय आहे आपली."

चोवीस झाले. तिनं पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "अजून काही सूचना?" औषध देताना ती गिऱ्हाइकालाही दोनदा समजावून सांगायची, त्यामुळे विचारणं साहजिक होतं. त्यानं माझ्या काचेकडे बघितलं. "'शब्द सुरक्षित ठेवा. अभिनंदन!' एवढंच म्हणतंय."

मग त्याचा फोन वाजला आणि तो खिडकीशी गेला. तिनं कार्डांचा गठ्ठा हातात घेतला. तिची बोटं चालू झाली. आरसा वर आला. त्याखाली उंदीर, त्याखाली कात्री. घोडा खाली गेला, शिडी तळाशी जाऊन बसली. पत्ते पिसावेत इतक्या सहज, आणि तेवढ्याच सहज सगळा सत्यानाश. मी समोर होतो. माझ्या काचेवर 'अभिनंदन' चमकत होतं. त्यापलीकडे बोलायला मला एक शब्दही कुणी दिला नव्हता.

गठ्ठ्याला रबर लावून तिनं तो लोखंडी कपाटात ठेवला. इतकं जपून, की आगीतूनही वाचला असता.

पुढे काही वर्षं बरी गेली. काम संपलं की पैसे येत, तो मला गुप्त आकडा टाकून उघडी, बघे, बंद करी. नोटांच्या पाकिटासारखा मी फुगत नव्हतो, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला माझं वजन कळे.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा बशीत, मग रेघेत नागमोड. गिऱ्हाइकं आराखडे परत पाठवू लागली. त्यानं हात टेबलाखाली लपवायला सुरुवात केली, जणू टेबलालाच लाज वाटणार होती. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, थरथर डाव्या हातातही उतरली. डॉक्टरनं सांगितलं, मेंदूत बारीक तारा बसवून ही थांबवता येते, सगळ्यांना जमत नाही पण तुम्हाला जमेल. खर्च मोठा होता.

"पैसे आहेत की," नकाशेवाला म्हणाला. "म्हातारपणासाठी ठेवलेले. हात आधी म्हातारे झाले, दुसरं काय."

दुपारी दुकान बंद असताना ती वर आली. त्यानं मला हातात घेतलं. माझा आकडा टाकायची तऱ्हा अशी: एका बटणानं अंक वर न्यायचा, दुसऱ्यानं खाली, आणि दोन्ही एकदम दाबली की पक्का. स्थिर बोटांच्या पोरांनी स्थिर बोटांसाठी केलेली करामत. त्याचं बोट एका बटणावर ठरेना. भलताच अंक पक्का झाला. आकडा चुकला. पुन्हा चुकला.

"द्या, मी दाबते."

"आकडा मला पाठ आहे. माझा मी दाबतो."

"अहो, बोट घसरतंय तुमचं."

"जन्मभर रेघा ओढल्यात या बोटांनी. दोन बटणं दाबता येणार नाहीत?"

तिसऱ्यांदा चुकला. तीन चुका म्हणजे चोर, असं मला शिकवलेलं. आजारी हात आणि चोराचा हात यातला फरक शिकवायला कुणाला वेळ झाला नव्हता. मी हुकूम पाळला. पोटातलं सगळं पुसून टाकलं. ज्या हातांसाठी ते पैसे होते, त्याच हातांना मी चोर ठरवलं. आणि वर निर्लज्जपणे काचेवर लिहिलं, 'स्वागत आहे!'

त्यानं मला टेबलावर ठेवून दिलं. ती मात्र हसली. "तोंड काय पाडता? शब्द आहेत ना माझ्याकडे." कपाट उघडून तिनं गठ्ठा आणला, रबर काढलं. एकेक अक्षर शोधत चोवीस शब्द भरायला बराच वेळ गेला. मी म्हणालो, 'शब्द चुकीचे आहेत.'

"आता बोट माझं घसरलं वाटतं," ती म्हणाली आणि परत पहिल्यापासून भरले. मी तेच म्हणालो.

त्यानं कार्डं ओढून घेतली आणि टेबलावर पसरली. आरसा, उंदीर, कात्री.

"अगं, ही तू लावलीस?"

"म्हणजे?"

"ओळीनं लावलीस?"

"मग काय विस्कटून ठेवू?"

त्यानं घोडा उचलून आरशाच्या आधी ठेवला. तेवढ्यानं तिला कळलं. ती खुर्चीवर बसली, आणि खाली दुकानाची घंटा कुणीतरी वाजवत राहिलं.

कंपनीला फोन केला. पलीकडे एक गोड आवाज होता. "सर, पुस्तिकेत दिलंय, क्रम बदलू नये."

"कुठे दिलंय?" तिनं फोन घेतला.

"मागच्या पानावर, मॅम."

"मागच्या पानावर! मी जेवणानंतरची गोळी जेवणाआधी घ्यायला सांगितली आणि खरं काय ते खोक्याच्या बुडाला लिहिलं, तर मला तुरुंगात घालतील."

"मॅम, किल्ली तुमची..."

"जबाबदारी माझी. वाचलंय. ते मोठ्या अक्षरात आहे."

संगणकाच्या जाणकारांनाही विचारून झालं. चोवीस शब्द किती तऱ्हांनी मांडता येतात, तो आकडा लिहायलाच चोवीस अंक लागतात, असं त्यांनी सांगितलं. बारा असते तर काही खटपट करता आली असती. पैसे आजही फोनवर दिसतात. दुकानाच्या काचेआडची वस्तू दिसावी तसे.

तो रोज कार्डं मांडून बसायचा. "घोडा पहिला, हे नक्की. त्यानंतर शिडी." पुढे त्याला आठवायचं ते रोज वेगळं असायचं. थरथरत्या हातानं कार्डं जमिनीवर सांडायची, तो वाकून उचलायचा. तिला ते बघवत नसे. दुकानातही ती आता डबा काढून क्षणभर थांबायची, नाव दोनदा वाचायची. "काय काकू, विसरायला लागलात?" एका गिऱ्हाइकानं थट्टा केली. तिनं डब्यावरचं नाव तिसऱ्यांदा वाचलं. तिच्या बोटांवरचा तिचा विश्वास उडाला होता. ते नुकसान कुठल्याही फोनवर दिसत नाही.

एक दिवस तिनं कार्डं उचलून बाजूला ठेवली.

"बास झालं. दुकान विकते."

"वेड लागलंय का? दुकान म्हणजे तू आहेस."

"मी दुसऱ्याच्या दुकानात उभी राहीन. औषधं तीच असतात. तुमचे हात कुठून आणू?"

दुकान विकलं गेलं. घेणाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात फळ्या बदलल्या आणि सगळं कंपनीवार लावलं.

तिनं आणखी एक केलं, ते मला अपेक्षित नव्हतं. ती मला घेऊन ग्राहक न्यायालयात गेली. मी आता तिथला पुरावा आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी. पहिल्या तारखेला कंपनीचे वकील म्हणाले, "अत्यंत सोपं उपकरण आहे." न्यायालयाच्या अध्यक्षांनी चष्मा लावून मला उलटसुलट केलं आणि विचारलं, "चालू कुठून होतं?" वकिलांनी दाबलं, कारकुनानं दाबलं. मी चालू झालो तो भलत्याच भाषेत. कोपऱ्यात कुणीतरी हसलं.

"तुमची मागणी काय?" अध्यक्षांनी तिला विचारलं.

"पैसे मागत नाही, ते कुणालाच काढता येत नाहीत. कार्डांवर आकडे छापा. पैसे ठेवायच्या आधी एकदा पुसून परत उघडायला लावा. आणि ज्याचा हात थरथरतो त्याला हे वापरायला देऊन बघा. मग विका."

वकिलांनी मुदत मागितली. पुढची तारीख पडली. तिनं ती ऐकली आणि म्हणाली, "त्या दिवशी ह्यांची शस्त्रक्रिया आहे. मला जमणार नाही." वकिलांनी दुसऱ्या तारखेला हरकत घेतली. साक्षीदार परगावचे, विमानाची तिकिटं काढलेली. गैरहजर राहिलात तर तक्रार ऐकून न घेताच निकाली निघू शकते, असं अध्यक्ष जरा हळूच म्हणाले.

"निघू दे," ती म्हणाली. "मी तिथे असणार."

माझ्यासारखं पाकीट घेणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. मी अभिनंदन केलं की माझ्यावर विसंबू नका. मला रिकामा असतानाच एकदा पुसा, शब्द परत भरा, उघडलो तरच पैसे द्या. आणि मला घडवणाऱ्यांना विचारा, तुमची आई हे वापरते का? उत्तर द्यायला ते थांबले, तर मला तिथेच ठेवून निघा.

आज ती तारीख आहे. वकील वेळेवर आलेत, इस्त्रीचे कपडे, हातात पुस्तिका, मागचं पान वर करून. तिच्या नावाचा पुकारा झाला. कुणी उठलं नाही. आता दुसऱ्यांदा होतोय. कारकुनानं शेरा मारायला पेन उचललंय.

जरा थांबा, असं कुणीतरी म्हणा हो. तिला उशीर झालेला नाही. ती आज जिथे असायला हवी, तिथेच आहे.