पोळ्याच्या पाण्याची रेघ

"काका, ही सगळ्यात वरची रेघ कोणत्या पुराची?"

रेणुका जानराव इंगळेच्या घरापुढे उकिडवी बसून भिंत वाचत होती. भिंतीवर गेरूच्या सात आडव्या रेघा, प्रत्येकीपुढे साल. सगळ्यात वरची तिच्या डोक्याच्या वर होती.

"ते पोळ्याचं पाणी. चार वर्सं झाले. बैलं सजवून उभे होते अन् नाला घरात आला."

"चार वर्षांत पुसली नाही?"

"जवसाच्या तेलात खललेला गेरू हाय, मॅडम. आमच्या बाईची करामत. पाणी ओसरलं का थे गेरू खलत बसे, म्या रेघ मारो. थे गेली, रेघ राह्यली."

सिंधूताईला जाऊन तीन वर्षं झाली होती. पोळ्याची रेघ ही दोघांनी मिळून मारलेली शेवटची. जानरावनं त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

रेणुका अमरावतीची इंजिनिअर. गावाच्या पावसाळी पाण्याचा आराखडा करायला आली होती. खामगावच्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव दहा वर्षांत दुप्पट झालं, आणि मोठ्या पावसात अर्धं पाण्यात जाऊ लागलं. जानराव नगरपालिकेच्या नाला गँगमधून निवृत्त झालेला. एकतीस वर्षं तो त्या नाल्यात उभा होता. नाल्याबद्दल विचारायचं तर त्यालाच विचारायला हवं, एवढी अक्कल या पोरीला होती. आधी आलेल्या कुणालाच नव्हती.

"आता सिमेंटची नाली नाही बांधायची, काका. पाणी पळवायचं नाही. त्याला बसायला जागा द्यायची. गवत, चिखल, झाडं. ते मुरेल, गाळ सोडेल, मग सावकाश पुढे जाईल."

जानराव इतका हसला की त्याला ठसका लागला. "हे म्या बोललो तं मेमो भेटला. तुमी बोलल्या तं आराखडा झाला!"

खोटं नव्हतं. गावाबाहेर नाल्याकाठी पाच एकरांचा खोलगट गवती पट्टा होता, त्याला सगळे खोलगा म्हणत. लव्हाळा, पाणकणीस, काठानं करंज. पूर आला की पाणी तिथं पसरायचं, दोन दिवस बसायचं आणि मग शहाण्या माणसासारखं पुढे जायचं. नालेसफाईत जानराव मधली धार मोकळी करायचा आणि खोलग्यातला लव्हाळा तसाच ठेवायचा. त्यासाठी तीनदा मेमो: काम अर्धवट, कर्मचारी कामचुकार. लिहिणाऱ्याचा पाय कधी घोट्यापर्यंतही चिखलात गेला नव्हता.

मग खोलग्यात मुरूम पडला. महिनाभर टिप्पर धावले. नाला सिमेंटमध्ये आवळला, फीत कापली, आणि खोलग्यावर नंदनवन लेआउट उभं राहिलं. पहिला बंगला पंजाबराव देशमुखांचा. नंदनवनाच्या बाजूनं नाल्याची भिंत उंच घेतली होती, म्हणून पुढच्याच पावसात पाणी समोरच्या पंचशीलनगरात शिरलं. कुठं जाणार होतं? पाणी उतार पाहतं, सातबारा पाहत नाही. जानरावच्या भिंतीवरची पहिली रेघ त्या सालची. त्याआधी रेघ मारायची वेळच आली नव्हती.

पोळ्याचं पाणी मात्र नाल्याची भिंत ओलांडून नंदनवनातही शिरलं. ओसरल्यावर जानराव आणि सिंधू गेरूचा डबा घेऊन तिथंही गेले, प्रत्येक फाटकाशेजारी रेघ मारून आले. पंधरा दिवसांत झाडून सगळ्या बंगल्यांना नवा रंग लागला. ज्याला उद्या प्लॉट विकायचा आहे त्याची भिंत खरं बोलून कशी चालेल?

जानरावनं दोन दिवस फिरून पंचशीलनगरातल्या अडतीस घरांवरच्या सगळ्या रेघा रेणुकाला दाखवल्या. वहीत उतरवून दिल्या. फोटो काढताना शेजारी ताठ उभा राहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं लिहून घेत होतं. नंदनवनात रेणुकानं प्रत्येक फाटकावर विचारलं. प्रत्येक फाटकावर एकच उत्तर: आमच्याकडे पाणी आलंच नाही.

तीन महिन्यांनी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर नकाशा लागला. हरकतींसाठी पंधरा दिवस. नकाशात निळा रंग होता. निळ्यात तळं, लव्हाळा, काठानं फिरायची वाट. सुरेख होतं सगळं. फक्त निळ्याखाली पंचशीलनगर होतं, अख्खंच्या अख्खं. लोकांना पाच किलोमीटरवर टेकडीपाशी खोल्या. नंदनवन पांढरं.

गोजरबाई जानरावची शेजारीण, सत्तरीची. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं घर कोणत्या रंगात आहे ते तिला बरोबर कळलं. विहाराच्या पायरीवरच तिनं त्याला धरलं.

"काय रे जानराव, पाण्यानं सात खेपा बुडोलं तं आमी सात खेपा निंघालो. तू बुडोलं तं कसं निंघाव?"

"मावशी, म्या खरं दाखोलं."

"कोनाले दाखोलं? आपल्याच घरावर बोट ठेवून दाखोलं, का पाहा, अठी बुडते! मंग ते काय बंगल्याईले उठोतीन? लय शाहाना! सिंधू असती तं तुया हातातला डबा हिसकून घेतला असता तिनं."

हे शेवटचं त्याला लागलं. कारण सिंधूनं डबा हिसकला नसता. तिनं विचारलं असतं, त्या पोरीले नंदनवनातलं काऊन नाही दाखोलं? 

त्यानं रेणुकाला फोन लावला.

"मॅडम, तळं झालंच पाह्यजे. तीस वर्सं म्या हेच म्हनून राह्यलो. पन जागा खोलग्याची हाय, आमची नाही."

"मला माहीत आहे, काका." तिचा आवाज खाली गेला. "उंची मोजलीय मी. नंदनवन अजूनही तुमच्यापेक्षा खाली आहे. आमचे साहेब म्हणतात, आकड्यांवर बंगले हलत नाहीत. तिथं पाणी आलं असं तिथल्या एकानंही सांगितलेलं नाही. तुमच्याकडे अडतीस भिंती सांगतात."

"म्हंजे जो खरं बोलला त्याचंच घर जाते."

ती म्हणाली, "एक माणूस द्या, काका. तिथला एक. त्याचं म्हणणं मी माझ्या सहीनं हरकतीला लावते."

रविवारी सकाळी जानरावनं माळ्यावरून गवंड्याची नळी काढली. वीस हात लांब, पारदर्शक. नोकरी लागण्याआधी तो आणि सिंधू बांधकामावर जायचे तेव्हाची. नळीत पाणी भरायचं, एक टोक इथं धरायचं, दुसरं तिथं. पाणी थांबलं की दोन्हीकडची उंची एक. एका माणसाचं काम नाही. दुसरं टोक कायम सिंधूकडे असायचं. ती पाण्याकडे पाहायची आणि तो तिच्याकडे, म्हणून गवंडी दोघांना शिव्या घालायचा. नळीत पाणी भरता भरता जानराव मध्येच थांबला. टोक धरायला माणूस नव्हतं.

गोजरबाई ओट्यावरून पाहत होती.

"आता कोनाचं घर बुडवाचं हाय?"

"पंजाबरावचं."

ती उठली. पदर खोचला. "आन् इकडे."

पोळ्याच्या रेघेपासून सुरुवात झाली. रेघेवर एक टोक, दुसरं विजेच्या खांबावर, तिथं खडूची खूण. त्या खुणेवरून पुढच्या खांबावर. असं करत नाला ओलांडायचा.

"मावशी, पानी हालते का?"

"हालते ना. पानी हाय, दगड हाय का?"

"थांबू द्या त्याले. हात हालवू नोका."

"हात मी नाही हालवत, वय हालवते. तू लौकर कर."

अकरा खेपा लागल्या. उन्हं चढली तेव्हा दोघं नंदनवनातल्या पहिल्या बंगल्याच्या भिंतीशी पोचले. नळीतलं पाणी जानरावच्या छातीशी येऊन थांबलं. त्यानं तिथं बोट धरलं.

पंजाबराव बनियनवर बाहेर आले. "काय चालू हाय बे जानराव? भिंतीले हात नोको लावू, मागच्या दिवाळीत रंग देला."

"हात नाही लावून राह्यलो, भाऊ. पानी लावून राह्यलो. पोळ्याचं पानी अठलोक होतं."

"अठी पानी आलंच नाही. किती खेपा सांगाव? नाल्यातल्या मानसानं नाल्यातलं बोलाव."

गोजरबाईनं टोक सोडलं नाही. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं जमली होती. त्यातल्या निम्म्यांना जानरावनं पोळ्याच्या दिवशी ट्रकच्या ट्यूबवर बसवून बाहेर काढलं होतं. एकही तोंड उघडलं नाही. माणूस बुडताना सगळं कबूल करतो, वाळल्यावर त्याला रंगाची काळजी असते.

पंजाबरावांची बायको अन्नपूर्णाबाई दारात आली. बोटाकडे पाहत फाटकापर्यंत चालत आली.

"तठी नव्हतं," ती म्हणाली.

"ऐकलं?" पंजाबराव गच्च्यांकडे पाहून हसले. "घरची बाई सांगून राह्यली."

"तठी नव्हतं, जानरावभाऊ. अठी होतं." तिनं त्याच्या बोटाच्या वर आपला तळवा आडवा ठेवला. "मी टेबलावर उभी होती. सासूबाईले कडेवर घेतलं होतं, लेकरावानी. त्याईचे पाय पान्यात होते. थंडी भरली ते उतरलीच नाही, आठव्या दिवशी गेल्या. अन् तुमी मले सांगतलं, न्युमोनिया म्हन, पुराचं नाव घेऊ नोको." हे शेवटचं ती नवऱ्याकडे न पाहता बोलली. "चार वर्सं झाले. घरातल्या घरातबी नाव नाही घेतलं."

अन्नपूर्णाबाई जानरावकडे वळली.

"गेरू हाय का?" तिनं विचारलं.

"नाही, बाई. सिंधू गेल्यावर खललाच नाही."

तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. कपाटाची मोठी किल्ली भिंतीत रोवली आणि दिवाळीचा रंग खरवडत हातभर रेघ ओढली. आतून जुना पिवळा पापुद्रा दिसू लागला. 

हरकतीवर अन्नपूर्णाबाईची सही पहिली. तिच्यामागून त्याच गल्लीतले आणखी चौघे आले. आलो नसतो तर बरं झालं असतं, असं तोंड करून आले, पण आले.

यानं न्याय झाला असं कुणी समजू नये. बंगला एकही हलला नाही. नंदनवनातले बारा रिकामे प्लॉट आणि मधलं मैदान निळं झालं, तिथला मुरूम उपसला गेला. पंचशीलनगरातली बत्तीस घरं पांढरी झाली. नाल्याला चिकटलेली सहा निळीच राहिली. तिथून पाणी आत घ्यायचं होतं. त्या सहांत एक घर जानरावचं.

रेणुका सांगायला आली, नकाशा अर्धाच उलगडून बसली. जानरावनंच नकाशा सरळ केला, त्यावर बोट ठेवलं. "बराबर हाय. अठूनच आत येते थे. मले इचारलं असतं तरी म्या हेच सांगतलं असतं." मग सही केली. सही करताना हात हलू दिला नाही.

तो टेकडीपाशी राहायला गेला. तिथं पाणी येत नाही. काहीच येत नाही, बस सोडून.

दुसऱ्या पावसाळ्यात भाद्रपदात एका दुपारी नाला चढला. जानराव बस पकडून आला. पाणी सहा घरांच्या जागेवरून आत शिरलं, रुजलेल्या लव्हाळ्यात पसरलं, जुन्या खोलग्याच्या निम्म्या जागेत जाऊन बसलं. गोजरबाईच्या ओट्याची खालची पायरी ओली झाली, वरची कोरडी राहिली. ती ओट्यावर बसून त्याला हात करत होती. "ये ना बे, च्या घे!"

"येतो," तो म्हणाला.

काठच्या वाटेवर बूट घातलेली माणसं थांबून पाण्याचे फोटो काढत होती. पाणी घोटाभर, गढूळ, हलत नव्हतं. जानरावनं अंदाज घेतला: हा करंज, ही गोजरबाईची भिंत, म्हणजे आपलं दार इथं. तो तिथं उभा राहिला, वाकला, पायातल्या चपला काढून काठावर बाजूला जोडीनं ठेवल्या, आणि मग आत पाय टाकला.