कठड्यावरची जागा

"अहो, जरा खाली या," मुकादम म्हणाला.

तो परांचीवर उभा राहून खांब घासत होता. त्याचा ब्रश थांबला. मुकादम त्याला कायम 'ए म्हाताऱ्या' म्हणायचा. 'अहो' म्हणणारं माणूस जगात एकच होतं, त्याची बायको. तो खाली उतरेपर्यंत त्याला सगळं कळलं होतं.

जुन्या दगडांवर चढलेली दगडफुलाची खपली काढणं हा त्याचा धंदा. करडी, पिवळट, कातडीसारखी चिकटलेली. कॉलेजातल्या एका सरांनी त्याला सांगितलं होतं, की हा दोन जिवांचा संसार असतो. बुरशी घर धरून बसते, शेवाळ आत रांधतं. हे त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यात नवीन काय? तुम्ही बसता, मी रांधते. आता आपला कठडाही घासा की! लोकांचे खांब चकाचक, आणि घरी ही खरूज."

"घासतो," तो म्हणायचा.

मागच्या कठड्यावर एकच जागा उघडी होती. संध्याकाळी त्याची वाट बघताना ती हात टेकायची, तेवढीच. रोजच्या हाताखाली काही धरत नाही.

ती गेल्यावर त्याने मागचं दार लावलं ते लावलंच. वर्षं गेली. खपली सावकाश वाढते, पण वाढते. ती जागा एव्हाना भरून आली असणार, आणि ते त्याला बघायचं नव्हतं.

मग लेक राहायला आली. "बाबा, कठडा घासा ना. नाहीतर मी माणूस लावते."

"माझ्या घरी माणूस?" तो ब्रश घेऊन उठला. गंजलेली कडी हातोडीनेच निघाली.

जागा तशीच होती. गुळगुळीत. काठावरची खपली ताजी चुरडलेली, खाली भुकटी पडलेली.

"तू टेकतेस का गं इथे हात?"

"मी? दार तर आत्ता उघडलंत तुम्ही!"

तेवढ्यात त्याला दिसलं. त्या जागेला लागून दुसरी जागा उघडी होत होती. रुंद पंजाची. अंगठा अर्धाच. त्याच्या डाव्या अंगठ्याचं पेर कधीच छिन्नीखाली गेलं होतं. पण तो हात त्याने इथे कधी टेकला नव्हता.

त्याने डावा हात खिशात घातला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. ब्रश झिजलाय. उद्या बघू."

आता तो रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहतो. डावा हात खिशातच असतो; तिने राखलेल्या जागेवर इतक्यात टेकायचा नाही. कठडा अजून घासायचा आहे.