संकासुराच्या टोपीतल्या शेंगा

"धाकू, तू अंतर्मुख," भास्कर मास्तरांनी निकाल देऊन टाकला.

मास्तर बी.टी. होऊन, मुंबईचं ताजं मानसशास्त्र घेऊन रत्नागिरीच्या शाळेत आले होते. भेटेल त्या माणसाला कुठल्या ना कुठल्या कप्प्यात बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. युरोपातल्या एका पंडिताच्या मते माणसं दोन तऱ्हांची, आत वळलेली आणि बाहेर वळलेली. दुसऱ्याच्या मते मनात दडपलेलं कुठून तरी बाहेर पडतंच. शाळेचा शिपाई धाकू माठ भरता भरता हे सगळं ऐकत होता.

"मास्तर, ह्याच्यावर औषध हाय?"

"स्वभावाला कसलं औषध?"

धाकूचं तोंड उतरलं. फाटकाशी शेंगा विकणाऱ्या मथुरेशी पाट लावायचं कधीपासून त्याच्या मनात होतं. ती विधवा, हा बिनलग्नाचा. दोघांच्या मिरजोळ्याच्या वाडीत कुणाची ना नव्हती. पण तिच्यापुढे गेला की "शेंगा दे" यापलीकडे त्याची जीभ रेटत नसे. आणि शिमगा झाला की भाऊ तिला मुंबईला नेणार होता.

शिमग्यात मात्र हाच धाकू संकासुर व्हायचा. काळा झगा, उंच टोपी, दाढीवाला मुखवटा, कमरेला घुंगरं. मग चेष्टेत तो खोतालाही सोडत नसे. सोंगात असलेल्याला नावानं हाक मारायची नाही, अशी वाडीची रीत होती.

ग्रामदेवतेची पालखी मथुरेच्या अंगणात आली तसा संकासुर नाचत थेट तिच्यापुढे उभा राहिला. "गो मथुरे, मुंबयला कशाला जातंस? माज्याशी पाट लाव!"

अंगण खदखदून हसलं. पालखीबरोबर आलेले मास्तर तोंडात बोट घालून बघत राहिले.

मथुरा हसली नाही. "संकासुराशी कोन पाट लावील? धाकू, तोंडावरचा काढ आनी मग विचार."

नाव घेतलं गेलं तशी ढोलकी थांबली. धाकूनं टोपी काढली, मुखवटा काढला. घामानं डबडबलेला चेहरा, आणि सगळी वाडी बघतेय. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, पण तो पळाला नाही.

"शेंगा दे," तो म्हणाला.

मथुरेनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग आतून टोपली आणून तिनं ती सगळी त्याच्या टोपीत रिकामी केली. "घे. मुंबयला आता कोन जातंय?"

"मास्तर," धाकूनं हळूच विचारलं, "ह्यातला खरा मी कोनता वो?"

मास्तरांनी टोपीतली एक शेंग उचलून फोडली. "विचार करून सांगतो," ते म्हणाले.

उरलेली घरं संकासुर उघड्या तोंडानं फिरला, टोपी दोन्ही हातांनी धरून, शेंगा सांडू नयेत म्हणून.