दिव्यावरची पट्टी

पट्टीचं एक टोक सुटलं होतं. नखाएवढी काळी चिकटपट्टी, तिचाही कोपरा वर आलेला, खाली धूळ धरलेली... तिने अंगठ्याने तो कोपरा दाबला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, सोडला. तो पुन्हा हळूच वर आला. कॅमेऱ्याच्या तोंडावर, भिंगाच्या जरा वर, एक बारीक लाल दिवा होता, चित्रण सुरू झालं की पेटणारा, आणि तो समोरच्याला दिसू नये म्हणून ही पट्टी. पहिल्या दिवशी आईने तो दिवा पाहिला आणि तिची मान ताठ झाली, हात मांडीवर गेले, पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी ती बसली आणि सगळी वाक्यं तोंडपाठ पत्ता सांगावा तशी म्हणून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी पट्टी आली. "हे काय चिकटवलंस?" आईने विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, तिथे जरा तडा गेलाय — इतक्या सहज, की नंतर तिचं तिलाच नवल वाटलं. तेव्हापासून प्रत्येक प्रसंगाच्या आधी ती 'तालीम करून घेऊ' म्हणायची आणि तालमीतच कॅमेरा चालू ठेवायची. मग सगळ्यांनी घसा साफ करायचा, दिवे पुन्हा लावल्यासारखं करायचं, मोठ्याने 'चला' म्हणायचं आणि 'खरं' चित्रण करायचं, जे बिनकामाचं आहे हे आई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणजे तरी कोण? आवाज टिपणारा कानसेन, आणि सिनेमात आईचा मुलगा झालेला औषधवाला, जो एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात गोळ्या विकायचा आणि दुपारची दोन तासांची सुट्टी कलेला द्यायचा.

पैसा नसला की खरं वापरावं लागतं. हे तिला हा सिनेमा करताना कळलं. सेट परवडत नाही म्हणून आईचं घर, नटी परवडत नाही म्हणून आई, कपडेपट नाही म्हणून बाबांचे शर्ट — तेच, कपाटाच्या खालच्या कप्प्यातले, गेली दोन वर्षं घडी न मोडलेले. गोष्टीत नवरा गेलेली बाई असते, मुलगा तिला आपल्या घरी न्यायला येतो, ती टेबलाशी बसून नवऱ्याचे शर्ट वाटायला काढत असते. ही आपली गोष्ट नव्हे असं ती सगळ्यांना सांगत होती. दादाला तर फोनवर दोनदा सांगितलं. दादा म्हणाला, बाबांबद्दल काही वेडंवाकडं नाही ना त्यात? नाही रे, ती म्हणाली, बाबा त्यात नाहीतच.

आणि मग गेल्या आठवड्यातली ती तालीम...

औषधवाल्याने त्याचं वाक्य म्हटलं, इथे एकटीने कशाला राहायचं, आमच्याकडे चल. यावर आईने म्हणायचं होतं : 'या घरात त्यांच्या आठवणी आहेत रे, त्या सोडून कशी येऊ?' हे वाक्य तिनेच लिहिलेलं, रात्र जागून, आणि लिहिताना डोळ्यांत पाणी आलेलं. आईने शर्टाची बाही सरळ केली, बटण लावलं, आणि म्हणाली : "आठवणी कसल्या... ते गेले त्या रात्री मी गाढ झोपले. किती वर्षांनी. उशाखाली हात घेतला आणि झोपलेच. आता ती झोप सोडून कुठे येऊ?" आणि पुढचा शर्ट ओढला.

औषधवाला पुढचं वाक्य विसरला. कानसेनने कानांवरचा हेडफोन दाबून धरला. आणि आईने मान वर करून, किंचित ओशाळून विचारलं, "हे नाही ना घेतलंस? तालीमच होती ना?"

"तालीमच होती," ती म्हणाली.

त्या तालमीची कॅसेट आता तिच्या पर्समध्ये होती. कॅसेटच्या मागच्या कडेची बारीक कळ तिने त्याच संध्याकाळी सरकवून ठेवली होती, म्हणजे चुकूनसुद्धा तिच्यावर दुसरं काही चढणार नाही. संकलकाला तिने ते एकदाच दाखवलं. तो एरवी बडबड्या माणूस. तो एवढंच म्हणाला, बाकी सगळं गेलं तरी चालेल, सिनेमा इथे आहे. ते तिलाही कळत होतं, त्याला कळायच्या आधी कळलं होतं. इतके दिवस ती जे धरू बघत होती ते त्या चार वाक्यांत आपणहून येऊन बसलं होतं, आणि ते तिचं नव्हतं. ते चोरलेलं होतं. आईला विचारलं तर आई नाही म्हणेल. न विचारता लावलं तर... दादा बघेल, नातेवाईक बघतील, आई त्यांच्यामध्ये बसलेली असेल, अंधारात, तिचा हात धरून.

आज शेवटचा दिवस होता. औषधवाल्याला यापुढे सुट्टी नव्हती. तिने सकाळी घरातून निघताना ठरवलं होतं, की आधी आईला सगळं सांगायचं, पट्टीसकट, आणि मग तोच प्रसंग नव्याने घ्यायचा, आई जसा करेल तसा. जिन्यात पुन्हा ठरवलं. दार उघडून आईने 'आधी काहीतरी खाऊन घे, तोंड बघ कसं झालंय' म्हटलं तेव्हाही ठरलेलंच होतं. मग खाणं झालं, कानसेन आला, आणि बोलायचं राहून गेलं.

कानसेनने आल्या आल्या फ्रिज बंद केला, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते, आणि स्वतःच्या घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे जाताना तो पुन्हा चालू करायला विसरायला नको. पहिल्या दिवसापासून आईला याची गंमत वाटत आली होती. "घे रे बाबा, ठेव गार करायला," ती म्हणाली, "तुझी बायको एक दिवस तुलाच आत ठेवेल." कानसेन हसला. आई अशी होती, लोकांत. हलकी, चटकन बोलणारी. घरात, बाबांसमोर, ती अशी होती का? आठवत नाही. मला आठवत नाही, आणि मी तर आठवणींवर सिनेमा काढायला निघालेली बाई.

ती गॅलरीत गेली. उन्हाची तिरीप खिडकीच्या पडद्यावर येत होती, तिथे पांढरं कापड बांधायला हवं होतं, आणि गाठी मारता मारता तिला बाबा गेल्यानंतरची ती सकाळ आठवली. ती पोचली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि आई आतल्या खोलीत झोपलेली होती. अंगावर चादर, कुशीवर, एक हात उशाखाली. आत्या दारातच म्हणाली, झोपू दे, रडून रडून गेलीय बिचारी. तिने ते मानलं. न मानण्यासारखं काय होतं? तिने आईच्या पावलांवरची चादर सारखी केली आणि बाहेर येऊन स्वतः रडली. रडून रडून. आईचे डोळे सुजलेले होते का? बघितले असते तर कळलं असतं.

तशी ती दमलेलीच होती, बाबांच्या आजारपणात. माणूस दमला की झोपणारच, त्यात काय एवढं... हे उत्तर तिने गेल्या आठवड्यात स्वतःला किती वेळा दिलं. पण आई म्हणाली 'किती वर्षांनी', आणि आजार तर चार-पाच महिन्यांचा. तिने गाठ घट्ट ओढली. बाबा! शनिवारी सायकलच्या दांडीवर बसवून तिला सिनेमाला नेणारे, परतताना 'सांग, कोणता तुकडा आवडला' म्हणून विचारणारे बाबा; तिचा हा सगळा उद्योग त्यांच्यापासून सुरू झालेला. ते कधी कुणाच्या अंगावर ओरडले नाहीत. त्यांचा आवाज कधी चढला नाही. रात्री ती आणि दादा झोपायचे तेव्हा भिंतीपलीकडून तो आवाज यायचा, बारीक, संथ, एका लयीत, किती वेळ... आईबाबा बोलतायत असं वाटायचं, आणि आईबाबा बोलतायत म्हणजे सगळं ठीक आहे, म्हणून तिला झोप लागायची.

तिचे हात गाठीवर थांबले. आईबाबा बोलतायत. पण त्यात आईचा आवाज होता का?

तिने ऐकायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांपलीकडची ती भिंत, तिला कान लावलेला, पलीकडे बाबांचा आवाज, चालू, चालू, मधेच थांबलेला, जणू काही विचारलंय आणि उत्तराची वाट बघतोय, आणि मग उत्तराशिवाय पुन्हा चालू. रोज रात्री? की तिला आता तसं हवं आहे म्हणून तसं ऐकू येतंय? सिनेमावाल्यांची खोड ती, जे सापडलं त्याला शोभेल असं मागचं सगळं जुळवून घ्यायचं. बाबा, मी असं करत नाहीये, ती मनात म्हणाली, आणि करत होती.

आतून आईचा आवाज आला, येतेस ना गं, हा पोरगा दुकान उघडायला जायचंय म्हणतोय.

ती आत आली. औषधवाला खुर्चीत बसून वाक्यं पुटपुटत होता. आई फडकं घेऊन टेबल पुसत होती, तिपाईवरचा कॅमेराही तिने जाता जाता मागूनपुढून पुसला. ती रोजच पुसायची, रेडिओ आणि घड्याळ पुसावं तशी. मग टेबलाशी बसली, चष्मा लावला, शर्टांचा गठ्ठा पुढ्यात घेतला. सगळ्यांत वर निळा होता, बारीक रेघांचा. आता सांगायचं, आत्ता. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "आधी एक तालीम करून घेऊ."

कानसेनने तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तिने बटण दाबलं. डोळा लहान पडद्याला लावला — गेले कित्येक दिवस ती आईला अशीच बघत होती, तळहाताएवढी, चौकटीत, आणि खरं सांगायचं तर इतकं लक्ष देऊन तिने आईला जन्मात कधी बघितलं नव्हतं. तिने चौकट हळूहळू आवळत नेली. कपाळ, चष्मा, ओठ. औषधवाला म्हणाला, इथे एकटीने कशाला राहायचं, आमच्याकडे चल. आईने बाही सरळ केली. आणि तेवढ्यात तिला ते दिसलं : आईच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक लाल ठिपका.

दिवा. पट्टी नाही.

पडली असेल, फडक्याबरोबर निघून आली असेल... तिचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. आई भिंगाकडे बघत होती. भिंगाच्या जरा वर. किती वेळ बघत होती कोण जाणे; मान ताठ झालेली नव्हती, हात मांडीवर गेलेले नव्हते. तिने बटण लावलं, निळ्या शर्टाचं, आणि मग औषधवाल्याकडे वळून म्हणाली :

"आठवणी कसल्या... ते गेले त्या रात्री मी गाढ झोपले. किती वर्षांनी. उशाखाली हात घेतला आणि झोपलेच. आता ती झोप सोडून कुठे येऊ?"

तोच थांबा, तोच आवाज, शेवटच्या शब्दाला तेच किंचित खाली येणं. पुढचा शर्ट तिने ओढला. औषधवाल्याला या वेळी वाक्य आठवलं, त्याने ते म्हटलं, प्रसंग संपला. आईने चष्मा काढून पदराने पुसला, आणि कॅमेऱ्यावरून, थेट तिच्याकडे बघत विचारलं :

"मागच्या वेळी असंच होतं ना?"

हे विचारणं कुठलं होतं? काम चोख करणाऱ्या बाईचं — मागच्या वेळी तुला आवडलं, तेच पुन्हा हवंय ना? की, घे, आता चोरायला नको? की दोन्ही वेळा आई नटी होती, तिने लिहिलेल्या त्या रडक्या वाक्यापेक्षा बरं वाक्य तिला सुचलं, इतकंच, आणि ती झोप, तो उशाखालचा हात, ते सगळं... पण तो हात मी पाहिला आहे. मी तो पाहिला आहे.

"हो," ती म्हणाली. "असंच होतं."

टेबलाच्या कडेला, गठ्ठ्याच्या पलीकडे, काळी पट्टी नीट चिकटवून ठेवलेली होती. आई काही फेकत नसे. त्यावरून काहीच कळत नव्हतं.

"खोलीचा आवाज घेतो," कानसेन म्हणाला. प्रत्येक जागेचं काम संपलं की तो हे करायचा : सगळ्यांनी जिथल्या तिथे थांबायचं, कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि तो मिनिटभर नुसती खोली टिपायचा, नंतर वाक्यांच्या मधल्या फटींत भरायला. आईला आता हे सवयीचं होतं. तिने हात शर्टावर ठेवले आणि ती गप्प बसली. औषधवाला गप्प बसला. फ्रिज बंद होता. खाली कुठेतरी नळाखाली बादली भरत होती, मग तीही थांबली.

तिने डोळा पडद्यावरून काढला. आई बरोबर तिच्या आकाराची होती, टेबलापलीकडे, दोन हातांवर, लाल दिव्याकडे नाही तर तिच्याकडे बघत, आणि त्या बघण्यात राग नव्हता, माया नव्हती असंही नाही. वाट बघणं होतं. काहीतरी विचारावं म्हणून आई थांबली होती, की तिने काही विचारू नये म्हणून? गेला आठवडाभर तिला एवढंच ठरवायचं होतं, की तो तुकडा ठेवायचा की नाही. ते आता कधी ठरलं, ठरलं की नाही, तिला सांगता आलं नसतं. कॅसेट एक असो की दोन, आईचं ते वाक्य आता या घरात होतं, आणि ते तिच्या सिनेमापेक्षा मोठं होतं, आणि त्यात तीही होती, भिंतीच्या अलीकडे, शांत झोपलेली.

कानसेनने अंगठा वर केला. मिनिट झालं होतं. आता 'झालं' म्हणायचं ते तिने, ते म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही हा तिचाच नियम. औषधवाल्याने घड्याळ पाहिलं. आई हलली नाही.

तिने ते म्हटलं नाही. कॅमेरा चालू होता, खोली गप्प होती, आणि ती आईकडे बघत, त्या जुन्या भिंतीला कान लावून, बाबांच्या त्या संथ, प्रेमळ, न थांबणाऱ्या आवाजात मधे कुठे दुसरा आवाज येतो का, ते ऐकत उभी राहिली.