किसनराव बसलेत

संग्रामपूरच्या फोटो स्टुडिओत अश्वजितने चौथ्यांदा डिस्क अनमाउंट करून, म्हणजे मशीनपासून रीतसर सोडवून पाहिली. मशीन पुन्हा तेच म्हणालं: डिस्क वापरात आहे.

"कोन वापरून राह्यलं बे?" काउंटरवर रेललेल्या भगवानरावांनी विचारलं. त्यांच्या पोरीचं अख्खं लग्न त्या एका डिस्कमध्ये होतं. दुसरी प्रत नव्हती, आणि डिस्क चारच्या एसटीने अल्बमवाल्याकडे जायची होती. "उपट ना तशीच!"

अश्वजितने हात मागे घेतला. मागच्या वर्षी वडनेर भोलजीच्या लग्नाची डिस्क त्याने अशीच उपटली होती. त्या लग्नात आता नवरदेव तीन मिनिटं हवेला हार घालतो.

त्याने मशीनलाच विचारलं, डिस्क कोणी धरून ठेवलीय? उत्तर एका ओळीचं आलं. किसनराव. लग्नाच्या फोल्डरात बसलेत. एकशे नऊ दिवसांपासून.

किसनराव स्टुडिओचे मालक. हेच लग्न कापता-जोडता खुर्चीतच गेले, त्यालाही एकशे नऊच दिवस झाले होते.

मागच्या खोलीत त्यांचा स्क्रीन अजून चालू होता. दहाव्याला कावळा शिवला नाही, तेव्हापासून त्यांच्या बायकोने, कोकिळाकाकूंनी, तो कुणाला बंद करू दिला नव्हता. स्क्रीनला हार होता, कीबोर्डला कुंकू आणि दोघांना मिळून स्वतंत्र इन्व्हर्टर.

"काकू, त्यायले उठवा लागते," अश्वजित म्हणाला.

"कामावर बसलेल्या मानसाले काऊन उठवतं?"

एका आज्ञेत काम झालं असतं. पण त्या आज्ञेचं नाव 'किल' आहे, हे काकूंना माहीत होतं.

"बंद नाही करत. फक्त जागा बदलतो."

काकूंनी हाराकडे पाहिलं. "बारशाच्या फोल्डरात बसव मंग. लेकरं लय आवडत त्यायले."

ते फोल्डर मशीनच्या आतल्या डिस्कवर होतं. अश्वजितने ओळ लिहिली. "उठा हो," म्हणत काकूंनी एंटर दाबला. बाहेर काउंटरवर डिस्क गुमान सुटली. भगवानराव ती छातीशी धरून एसटीकडे पळाले.

मग अश्वजितने बारशाचं फोल्डर उघडून पाहिलं. आत एकच बारसं होतं, गेल्या रविवारचं, सोनाळा गावचं. त्याच्या बहिणीच्या, समताच्या पोरीचं.

फोन वाजला. समताच होती.

"दादा, छकुली रडायची एकदम थांबली पाय. छताकडे पाहून हासून राह्यली."

"कवापासून?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाले."

किसनरावांना तिथून हलवायला अश्वजितने बाकीची फोल्डरं धुंडाळली. एकच उरलं होतं: पासपोर्ट फोटो. त्यात संग्रामपुरातली चारशे बारा माणसं होती, अश्वजितसुद्धा. तरी त्याने कीबोर्डकडे हात नेला. काकूंनी तो वरच्यावर धरला.

"आता नोको. म्हाताऱ्या मानसाले कितीक डाव उठवशीन?"

फोनमध्ये छकुली खदखदून हसली. ती अजून सहा आठवड्यांचीच होती.